शब्दांची चव : कवितेतील स्वाद-प्रतिमा

१. प्रस्तावना

'पुढील कवितेचे रसग्रहण करा' हा प्रश्न तुम्ही प्रश्नपत्रिकेत पाहिला असेल. तो पाहून अनेकांना धडकी भरते. कवितेत रस असतो म्हणजे नेमके काय असते आणि तो ग्रहण कसा करायचा, हे कोणी सांगितलेले नसते. मग पाठ केलेली चार वाक्ये लिहून आपण मोकळे होतो.

खरे पाहता 'रस' हा शब्द आपल्याला परका नाही. उसाचा रस, आंब्याचा रस, लिंबाचा रस हे शब्द आपण लहानपणापासून वापरतो. रस म्हणजे पदार्थाचे सार. तो तोंडात घेतल्याशिवाय कळत नाही. कवितेची चर्चा करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी आपला सर्वांत महत्त्वाचा शब्द स्वयंपाकघरातून आणि शेतातून उचलला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी स्वयंपाक केला आहे, शेतात काम केले आहे, भूक सोसली आहे, त्यांच्याजवळ कविता समजून घेण्याचे एक महत्त्वाचे साधन आधीपासूनच असते. हे साधन कवितेच्या वाचनात कसे वापरावे, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

२. मीठ आणि मिष्टी

कल्पना करा, की नोकरीनिमित्त बदली झाल्यामुळे एक मराठी कुटुंब कोलकात्याला गेले आहे. शहराच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या वसाहतीत त्यांना घर मिळाले. पहिल्याच दिवशी आमटी उकळत असताना गृहिणीच्या लक्षात आले, की सामानात मिठाचा डबा सापडत नाही. तिने शेजारच्या बंगाली काकूंचे दार वाजवले आणि खुणा करत 'थोडे मीठ' मागितले. काकूंनी हसून मान डोलावली आणि बशीत दोन संदेश घेऊन आल्या. आमटी अळणीच राहिली, पण तोंड गोड झाले.

हा प्रसंग कल्पित असला, तरी त्यामागची भाषेची गोष्ट खरी आहे. संस्कृतात 'मिष्ट' म्हणजे रुचकर, गोड. त्याच शब्दातून बंगालीत 'मिष्टी' आणि 'मिठे' हे शब्द आले; त्यांचा अर्थ गोड. मराठीतील 'मीठ' हा शब्दही त्याच मुळातून आला. परंतु मराठी माणसाने ज्या वस्तूमुळे अन्नाला रुची येते, तिलाच हे नाव दिले. मिठाला बंगालीत 'नून' म्हणतात आणि तो शब्द संस्कृत 'लवण' या शब्दावरून आला. आपला 'अळणी' हा शब्दही 'अलवण' म्हणजे 'मीठ नसलेले' या शब्दापासून बनला आहे. इतकेच नव्हे, तर सौंदर्यासाठी आपण जो 'लावण्य' हा शब्द वापरतो, तोही 'लवण' पासूनच तयार झाला. मिठामुळे जेवणाला जे येते, तेच लावण्यामुळे रूपाला येते, अशी कल्पना त्यामागे आहे. हा शब्द ज्याने प्रथम वापरला असेल, त्याने एका अर्थी कवितेची छोटीशी ओळच रचली.

आता त्या वसाहतीचे नावही पाहा. सॉल्ट लेक म्हणजे मिठाचे तळे. येथे पूर्वी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. बिद्याधरी नदीतून समुद्राच्या भरतीचे पाणी तेथपर्यंत पोहोचत असे. पुढे नदी गाळाने भरत गेली आणि खारे पाणी येणे थांबले. १९६० नंतरच्या दशकात हुगळी नदीतील गाळ नळांवाटे आणून दलदलीचा काही भाग भरण्यात आला आणि त्यावर आखीव वसाहत उभी राहिली. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ तिला बिधाननगर असे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी सॉल्ट लेक हेच नाव राहिले. पूर्वेकडे उरलेल्या पाणथळ भागात आता शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवले जातात. २००२ मध्ये या पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्राचा रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत समावेश झाला. पाण्यातला खारेपणा गेला, परंतु नावातला गेला नाही. मात्र बसच्या पाटीवर 'सॉल्ट लेक' वाचणाऱ्या प्रवाशाच्या जिभेवर खारट चव येत नाही. शब्दात चव आहे, पण ती झोपलेली आहे.

रोजच्या भाषेत अशा झोपलेल्या चवी पुष्कळ असतात. 'गोड बातमी', 'कडवट बोलणे', 'आंबट चेहरा', 'तिखट कान', 'खाल्ल्या मिठाला जागणे', 'मीठमिरची लावणे', 'जखमेवर मीठ चोळणे' हे प्रयोग करताना आपल्याला चवीची आठवण होत नाही. कवी या झोपलेल्या चवीला जागे करतो. ते तो कसे करतो, हे समजण्यासाठी आधी 'प्रतिमा' म्हणजे काय ते पाहू.

३. प्रतिमा आणि पाच ज्ञानेंद्रिये

शब्दांच्या साहाय्याने वाचकाच्या मनात इंद्रियानुभव उभा करणे म्हणजे प्रतिमा निर्माण करणे. 'त्याला वाईट वाटले' या वाक्यातून माहिती मिळते. 'घोटाभर कडू काढा गिळावा तसे त्याने ते शब्द गिळले' या वाक्यातून अनुभव मिळतो. पहिले वाक्य आपण समजून घेतो. दुसरे वाचताना आपलाही घसा किंचित आवळतो.

डोळे, कान, नाक, त्वचा आणि जीभ या पाच ज्ञानेंद्रियांनुसार प्रतिमांचे पाच प्रकार मानता येतात : दृश्य, श्राव्य, गंध, स्पर्श आणि स्वाद. कवितेत दृश्य प्रतिमा सर्वाधिक आढळतात. स्वाद-प्रतिमा संख्येने कमी असतात, पण त्यांचे बळ वेगळे असते. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे जवळीक. डोंगर दहा कोसांवरून दिसतो, ढोल दुसऱ्या गल्लीतून ऐकू येतो, फुलाचा वास वाऱ्यावर येतो. चव मात्र पदार्थ आपल्या तोंडात आल्याशिवाय कळत नाही. म्हणून स्वाद-प्रतिमा वाचकाला दूर उभे राहू देत नाही.

दुसरे कारण म्हणजे तत्काळ निवाडा. एखादे दृश्य पाहून आपण तटस्थ राहू शकतो. जिभेवर काही ठेवले, की हवे की नको हे त्याच क्षणी ठरते. त्यामुळे कवीने 'हे मला आवडले' किंवा 'हे मला सोसवेना' असे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

तिसरे कारण म्हणजे स्मरण. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो, आणि वासाबरोबर जुन्या आठवणी चटकन जाग्या होतात. सर्दी झाली, की जेवण बेचव लागते, याचेही कारण हेच.

हे करून पाहा : नाक घट्ट दाबून धरा आणि चिमूटभर बडीशेप चावा. फक्त किंचित गोडवा जाणवेल. आता नाक सोडा. बडीशेपेची खरी ओळख एकदम पटेल. जीभ आणि नाक मिळून चव घडवतात, याचा हा घरगुती पुरावा आहे.

४. रस : पन्ह्याचे उदाहरण

भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात रसाची चर्चा आहे. तेथे भरतांनी जेवणाचे उदाहरण दिले आहे. निरनिराळे मसाले आणि पदार्थ यांच्या मिश्रणातून भोजनाला रस येतो आणि प्रसन्न मनाने जेवणारा माणूस त्याचा आस्वाद घेतो. त्याचप्रमाणे निरनिराळ्या भावांनी युक्त अशा नाटकाचा आस्वाद रसिक प्रेक्षक घेतो, असे ते सांगतात. भरतांनी आठ रस मानले. पुढे शांत हा नववा रस मान्य झाला.

इसवी सन १००० च्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेले आचार्य अभिनवगुप्त यांनी हा विचार आणखी पुढे नेला. त्यांनी 'पानकरसा'चा दृष्टान्त दिला. पानक म्हणजे गूळ, मिरी इत्यादी पदार्थ घालून केलेले पेय. आपला 'पन्हे' हा शब्द याच 'पानक' शब्दापासून आला आहे. कैरीचे पन्हे आठवा. कैरी आंबट, गूळ गोड, चिमूटभर मीठ खारट, वेलदोडा सुगंधी. परंतु पन्ह्याची चव या चारांपैकी कोणा एकाची नसते. ती पाचवी, स्वतंत्र चव असते. कवितेचेही तसेच असते. शब्द, लय, प्रतिमा आणि भावना वेगवेगळ्या मोजून दाखवल्या, तरी कविता हाती येत नाही. सर्वांच्या मिश्रणातून जी नवी चव तयार होते, तो रस.

अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या क्रियेला 'चर्वणा' असेही म्हटले. चर्वण म्हणजे चावणे, चघळणे. घास घाईने गिळला, तर पोट भरते पण चव कळत नाही. कविताही एकदा वाचून ठेवून देण्याची गोष्ट नाही. ती पुन्हा पुन्हा, सावकाश वाचावी लागते. 'रसिक', 'आस्वाद', 'अभिरुची', 'रसग्रहण' हे समीक्षेतील सारे शब्द जेवणाच्या पानावरून उठून आले आहेत. आता प्रश्नपत्रिकेतला तो शब्द तितका अवघड वाटणार नाही.

पाठगत प्रश्न
(अ) 'लावण्य' आणि 'अळणी' या शब्दांत कोणते साम्य आहे?
(आ) पन्ह्याच्या दृष्टान्तातून कवितेविषयी कोणती गोष्ट स्पष्ट होते?

५. एक चव, अनेक जिभा

स्वाद-प्रतिमा वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. एकाच चवीचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो.

आपल्या परंपरेत सहा रस सांगितले आहेत : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. यांतील 'कटु' म्हणजे मिरीसारखे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडुलिंबासारखे कडू. मराठीतील 'कडू' हा शब्द आला 'कटु' पासून, परंतु त्याने अर्थ घेतला तिक्ताचा. बंगालीत मात्र कडूला 'तेतो' म्हणतात. तो सरळ 'तिक्त' या शब्दावरून आला आहे. म्हणून जुने ग्रंथ वाचताना 'कटु' दिसले, की लगेच कारले डोळ्यांपुढे आणू नये.

आधुनिक विज्ञानाची वाटणी थोडी वेगळी आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूळ चवी आज मानल्या जातात. उमामी ही चव जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखली. मिरचीचा तिखटपणा ही मात्र शास्त्राच्या दृष्टीने चव नव्हे. ती जळजळीची, म्हणजे वेदनेची आणि उष्णतेची जाणीव आहे. 'झणझणीत' हा आपला शब्दही चवीचा नसून नादाचा आहे, हे ध्यानात घ्या. जिभेला काय झाले, ते सांगताना भाषेने कानाची मदत घेतली.

कडू चवीचे उदाहरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. तान्ह्या बाळाला गोड आवडते आणि कडू लागताच ते तोंड वाकडे करते. निसर्गात अनेक विषारी वस्तू कडू असतात, म्हणून शरीर हा इशारा देते. गोडाची आवड आपण जन्मतःच घेऊन येतो. कडवटपणाची रुची मात्र शिकावी लागते. बंगाली घरात दुपारच्या जेवणाची सुरुवात अनेकदा 'शुक्तो' या कडवट भाजीने होते. कारले, कच्चे केळे, शेवग्याची शेंग, वांगे अशा भाज्यांची ही मिळवणी असते. आधी कडू, मग वरण-भात, मासे, आंबट चटणी आणि शेवटी मिष्टी, असा तो क्रम आहे. सॉल्ट लेकमधील आपल्या मराठी कुटुंबाला पहिल्या घासालाच कडू वाढणे विचित्र वाटेल. पण त्यांनी आपलाच गुढीपाडवा आठवावा. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आपणही कडुलिंबाची पाने गुळाबरोबर खातो. कडू टाळून वर्ष सुरू होत नाही, ही समजूत दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की आपण ती वर्षातून एकदा पाळतो आणि बंगाली माणूस ती रोजच्या पानात पाळतो.

यावरून काय लक्षात येते? कवितेत 'कडू' शब्द आला, की दुःख, आणि 'गोड' आला, की आनंद, असे ठोकळेबाज समीकरण मांडू नये. कडू चव कधी औषधाची असते, कधी अपमानाची, कधी शहाणपणाची. कोणत्या पानावर आणि कोणत्या क्रमाने ती वाढली आहे, ते पाहावे लागते.

६. दोन उदाहरणे

(१) चोखोबांचा ऊस

संत चोखामेळा हे चौदाव्या शतकातील वारकरी संतकवी. त्यांचे वास्तव्य मंगळवेढ्याला होते. महार समाजात जन्म झाल्यामुळे विठ्ठलाच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कोसळलेल्या भिंतीखाली त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे.

त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगात उसाची प्रतिमा आहे. ऊस वाकडातिकडा असू शकतो, पण म्हणून त्याचा रस वाकडा नसतो. मग बाहेरच्या रूपाला का भुलता, असा त्यातला प्रश्न आहे. पुढे धनुष्य आणि बाण, नदी आणि पाणी अशी उदाहरणे येतात आणि अखेरीस कवी स्वतःकडे वळतो. आपण बाहेरून 'डोंगा', म्हणजे वाकडे, असू. आपला भाव तसा नाही, असे ते सांगतात.

ही प्रतिमा इतकी परिणामकारक का वाटते? उच्चनीचतेचा प्रश्न वादविवादाने सोडवायचा म्हटले, तर शास्त्रार्थ करावा लागला असता, आणि शास्त्र सांगण्याचा अधिकार चोखोबांना कोणी दिला नव्हता. त्यांनी न्यायनिवाडा जिभेकडे सोपवला. ऊस ज्याने खाल्ला आहे, त्याला उत्तर ठाऊक आहे. मंदिराचे दार अडवणाऱ्या माणसानेही वाकड्या उसाचा गोड रस कधी ना कधी चाखलेला आहेच. तो ते नाकारू शकत नाही. येथे गोडपणा हा केवळ सुखाचा नाही. तो पुराव्याचा आहे. ऊस गोड लागण्यासाठी तो आधी सोलावा, चावावा लागतो, हेही विसरू नये. बाहेरून पाहून रस कळत नाही, हेच तर कवीचे म्हणणे आहे.

(२) बहिणाबाईंची काकडी

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील असोदे या गावी झाला आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, घरात जात्यावर बसताना त्या खानदेशातील आपल्या बोलीत ओव्या रचत. जवळच्या माणसांनी त्या ऐकून लिहून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि एका निरक्षर शेतकरी स्त्रीचे काव्य सर्व महाराष्ट्रासमोर आले.

संसारावरील त्यांच्या सुप्रसिद्ध कवितेत चुलीवरच्या तव्याची प्रतिमा आहे, ती बहुतेकांना माहीत असते. त्याच कवितेत पुढे त्या संसाराला वेलीवरच्या खिऱ्याची, म्हणजे काकडीची, उपमा देतात. तिचे तोंड तेवढे कडू असते, बाकीची सगळी गोड लागते, असा त्याचा आशय आहे.

या प्रतिमेमागे स्वयंपाकघरातले नेमके ज्ञान आहे. काकडी देठाकडच्या टोकाला कडवट असते. ते टोक कापून त्याच जागी घासायचे, फेस आला की तो धुऊन टाकायचा आणि मग काकडी चिरायची, ही रीत अनेक घरांत पाळली जाते. बहिणाबाई संसार गोडच आहे असे म्हणत नाहीत. तो कडू आहे अशी तक्रारही करत नाहीत. कडू किती आणि कोठे, ते त्या दाखवतात. जो पहिल्याच घासाला तोंड वाकडे करून काकडी फेकून देईल, त्याला पुढचा गोडवा मिळणार नाही. तरुणपणीच वैधव्य आलेल्या आणि कष्टाने घर सांभाळलेल्या स्त्रीने हे म्हटले आहे, म्हणून त्या गोडव्याला वजन आहे. 'धीर धरावा, सुख येईल' हा उपदेश आपण हजार वेळा ऐकला असेल. काकडीमुळे तो उपदेश राहत नाही. तो जिभेचा अनुभव होतो.

दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. दोघांनीही दूरचे, भारदस्त असे काही शोधले नाही. ऊस आणि काकडी ही त्यांच्या रोजच्या पाहण्यातली, खाण्यातली वस्तू होती. ज्यांना मंदिराचे किंवा शाळेचे दार बंद होते, त्यांनी जवळच्या चवीतून सर्वांना पटणारी गोष्ट सांगितली.

पाठगत प्रश्न
(अ) चोखोबांच्या अभंगातील गोडपणाला 'पुराव्याचा गोडपणा' का म्हटले आहे?
(आ) काकडीऐवजी कारल्याची उपमा दिली असती, तर अर्थात काय फरक पडला असता?

७. कानांना जिभा फुटतात तेव्हा

कधी कधी कवी एका इंद्रियाचे काम दुसऱ्याकडे सोपवतो. यास संवेदनांची अदलाबदल म्हणता येईल. 'गोड गळा' म्हणताना आपणही आवाजाला चव देतोच. कवी हीच युक्ती जाणीवपूर्वक वापरतो.

बंगाली कवी जीवनानंद दास (१८९९–१९५४) यांच्या 'घास' या कवितेत याचा सुंदर नमुना आढळतो. घास म्हणजे बंगालीत गवत. कोवळ्या हिरव्या गवताचा गंध एखाद्या पेयासारखा प्यावा, अशी इच्छा त्या कवितेत व्यक्त झाली आहे. डोळ्यांचा हिरवा रंग, नाकाचा गंध आणि जिभेची तहान तेथे एकत्र येतात. निसर्ग नुसता पाहून कवीचे समाधान होत नाही. त्याला तो आत घ्यायचा आहे, आणि आत घेणे हे काम जिभेचे.

मराठीत या प्रकाराचे फार जुने आणि समृद्ध उदाहरण ज्ञानेश्वरीत आहे. हा ग्रंथ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झाला. सहाव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वर आपल्या मराठी बोलांचे सामर्थ्य सांगतात. अमृताशी पैज जिंकण्याची त्यांची प्रसिद्ध प्रतिज्ञा याच ठिकाणी आहे. त्यानंतर ते इंद्रियांचे एक भांडण रंगवतात. शब्दांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांना जिभा फुटतात. खरे तर शब्द हा कानाचा विषय. पण जीभ म्हणते, हा रस आमचा आहे. नाकाला त्यात परिमळ जाणवतो. डोळ्यांना शब्दांचे रूप दिसते. मन बाहेर धावते आणि बाहू आलिंगनासाठी पुढे होतात. पाचही इंद्रिये एकाच वाक्यावर हक्क सांगू लागतात आणि ते वाक्य प्रत्येकाला तृप्त करते.

भांडण येथेच संपले असते, तर ते केवळ चमत्कृतीचे वर्णन ठरले असते. ज्ञानेश्वर पुढे जातात. ते शब्दांची ताटे मांडतात, त्यांत मोक्षाचा रस वाढतात आणि मग श्रोत्यांना सांगतात, की हे जेवण इंद्रियांना चुकवून जेवायचे आहे. जिभेचे एवढे कौतुक करून शेवटी जिभेलाच मागे ठेवायला सांगणे हे प्रथम उलटे वाटते. पण चोखोबांनी आणि बहिणाबाईंनीही वेगळे काय केले? उसाचा रस आपल्याला माणसाच्या अंतःकरणापर्यंत नेतो आणि मग ऊस बाजूला राहतो. काकडी आपल्याला आयुष्याकडे नेते आणि मग काकडी बाजूला राहते. स्वाद-प्रतिमा ही जिभेपासून निघते, पण जिभेवर थांबत नाही. जी थांबते, ती फक्त पदार्थांची यादी होते.

८. कविता वाचताना काय करावे?

कवितेत स्वाद-प्रतिमा आढळली, की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ही चव नेमकी कोणती? 'गोड' एवढे उत्तर पुरेसे नाही. गुळाचा गोडवा, उसाचा गोडवा आणि साखरेच्या पाकाचा गोडवा वेगवेगळा असतो. कवीने त्यांतला कोणता निवडला, ते पाहावे.

दुसरा प्रश्न : ही जीभ कोणाची? चव घेणारा भुकेला आहे की तृप्त, घरात आहे की परगावी, यजमान आहे की दारात उभा असलेला? भाकरीचा एकच तुकडा या साऱ्यांना सारखा लागत नाही.

तिसरा प्रश्न : ही चव आपल्याला कोठे नेते? ती एखाद्या माणसाकडे, आठवणीकडे, अन्यायाकडे किंवा विचाराकडे घेऊन जाते का?

या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहिली, की रसग्रहणाचा मोठा भाग तयार होतो. मात्र उत्तरे देताना आधी स्वतःच्या जिभेची साक्ष घ्या. काकडीचे कडू टोक तुम्ही चाखले असेल, तर बहिणाबाई काय म्हणतात ते तुम्हाला मार्गदर्शिकेपेक्षा अधिक कळले आहे. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच सुटलेले असते. त्या वर्षांत आपण काही शिकलो नाही, असे आपल्याला वाटत राहते. परंतु त्याच वर्षांत आपण चुलीपुढे बसलो, बाजारात उभे राहिलो, कोणाच्या तरी घरचे मीठ खाल्ले, परक्या गावात पहिला घास घेतला. कवितेच्या दृष्टीने ती वर्षे वाया गेलेली नाहीत. शब्दांतली चव जागी होण्यासाठी वाचकाची जीभ लागते, आणि ती तुम्ही आपल्याबरोबर आणलेली आहे.

९. तुम्ही काय शिकलात?

• शब्दांतून इंद्रियानुभव उभा करणे म्हणजे प्रतिमा. स्वाद-प्रतिमेत जवळीक, तत्काळ निवाडा आणि स्मरण यांचे बळ असते.
• 'रस' ही भारतीय काव्यविचारातील मध्यवर्ती कल्पना चवीच्या अनुभवावरून आली आहे. अनेक घटकांच्या मिश्रणातून रस ही स्वतंत्र चव तयार होते.
• चवीचा अर्थ प्रदेश, भाषा आणि प्रसंग यांनुसार बदलतो. 'कडू' म्हणजे नेहमी दुःख नव्हे.
• चोखामेळा आणि बहिणाबाई यांनी परिचित पदार्थांच्या चवीतून मोठा आशय व्यक्त केला. ज्ञानेश्वरांनी सर्व इंद्रियांना एका शब्दापाशी एकत्र आणले.
• स्वाद-प्रतिमा जिभेपासून निघते आणि आशयापर्यंत पोहोचते.

१०. स्वाध्याय

१. 'खाल्ल्या मिठाला जागणे' या वाक्प्रचारात मीठच का, साखर का नाही? चार-पाच वाक्यांत विचार मांडा.
२. तुमच्या बोलीतील चवीशी संबंधित असे पाच शब्द किंवा म्हणी लिहा आणि त्यांचा अर्थ स्पष्ट करा.
३. परगावी किंवा परक्या घरी घेतलेल्या एखाद्या घासाची आठवण दहा ओळींत लिहा. 'छान', 'मस्त', 'चविष्ट' हे शब्द वापरू नका. नेमकी चव सांगा.
४. पाठ्यपुस्तकातील कोणतीही एक कविता निवडा. तिच्यातील इंद्रियसंवेदनांच्या प्रतिमा शोधा आणि विभाग ८ मधील तीन प्रश्नांच्या आधारे तिचे रसग्रहण करा.